हाक मारली की ये

ओलीपीकाकडे काहीही मागा, ती देईल. स्नोमोबाइल मागा, देईल. सीलच्या कातड्याचे नवेकोरे बूट पायातून काढून देईल. एकदा तर शेजाऱ्याच्या हाती घर सोपवून तीन आठवडे शिकारीला निघून गेली, आणि परत आल्यावर आपल्याच घरात पाहुण्यासारखी कोपऱ्यात झोपली, कारण शेजाऱ्याची पोरं पलंगावर होती. पण पहार मागू नका. साडेचार फुटांचा लाकडी दांडा, पुढे लोखंडाचं पातं, बर्फ ठोकून बघायचं साधं हत्यार. कूगार्जुक गावात प्रत्येक दाराशी अशी एक पहार उभी असते. ती उचलून वापरायचे कष्ट मात्र हल्ली फार थोडे लोक घेतात.

तिचं शास्त्र एवढंसंच. एका घावात पाणी लागलं तर आल्या पावली मागे फिरा. दोन घावांत लागलं तर माणसाने चालावं, पण गप्पा मारत उभं राहू नये. तीन घाव घालूनही कोरडं राहिलं तर खुशाल गाडी आणा. या शास्त्रावर तिने बावीस हिवाळे कूगार्जुक ते इकालुलिक ही वाट आखली. एकशे नव्वद किलोमीटर, सगळी गोठलेल्या समुद्रावरून आणि थोडी खिंडीतून. गावात रस्ता म्हणावा असा एकच, तो कचरा टाकायच्या जागेपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. पुढे जायचं तर विमान, तेही धुकं नसेल तर. जहाज वर्षातून एकदा, तेही बर्फाच्या मर्जीने. आणि हिवाळ्यात ही वाट. हिवाळ्यातला लांब अंधार संपून सूर्य परत आला की ओलीपीका जहाजावरच्या खोक्यांच्या फळ्या फाडून काठ्या करी, टोकाला चमकती पट्टी ठोके आणि पाचपाचशे पावलांवर एकेक रोवत जाई. वादळात वाट पुसली जाई तेव्हा लोक त्या काठ्यांच्या आधाराने घरी पोचत. तिचे आभार कोणी मानत नसे. बरोबरच आहे, दाराच्या चौकटीचे आभार कोण मानतं?

साठाव्या वर्षी तिच्यावर जी वेळ आली ती तिच्या बापामुळे आली. बाप तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान होता आणि गावचा मेयर होता.

मेयर म्हणजे काय, सातशे माणसांच्या गावाचा सरपंच. कागदोपत्री त्याचं नाव सिमिओनी, पण त्याला सगळे म्हणत पालुक. ओलीपीकाचा बाप पालुक ज्या वसंतात गेला, त्याच वर्षी उन्हाळ्यात गावातल्या तागालिकला मुलगा झाला, आणि तिने त्याला ते नाव दिलं. नाव दिलं म्हणजे माणूसच परत आला. त्यामुळे आईच्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बसलेल्या त्या बाळाला अठरा वर्षांची ओलीपीका 'बाबा' म्हणू लागली. "बाबा, नाक पुसू द्या. बाबा, रडू नका, तुमची आई येतेय." त्याला बोलता येऊ लागलं तसा तो तिला 'पोरी' म्हणू लागला. नवव्या वर्षी त्याने पहिला सील मारला तेव्हा आधी तिच्या दारात आणून टाकला, कारण लेकीला खाऊ घालणं हे बापाचं काम. त्या दिवशी ती ढसाढसा रडली आणि गावभर कलेजी वाटली.

याचा एक तोटाही होता. बापाला कोण रागावणार? त्याने शाळेची काच फोडली तर ओलीपीका म्हणे, बाबांच्या मनात काहीतरी असेल. पोरगा शेफारायचा तेवढा शेफारला. शिवाय पहिला पालुक बर्फ ओळखण्यात एक नंबर, त्यामुळे ती जाण नावाबरोबर आली असणार, यात कोणाला शंकाच नव्हती. पाच वर्षांचा हा बर्फावर पाय आपटून म्हणाला, इथे पातळ आहे, की मोठमोठे शिकारी वळसा घालून जात. सगळ्यांत जास्त कौतुक ओलीपीकाचं. "तुम्हाला काय सांगायचं बाबा, तुम्हाला बर्फ कळतो." पाचव्या वर्षी सांगितलं, पंधराव्या वर्षी सांगितलं, तिसाव्या वर्षीही सांगितलं. बेचाळिसाव्या वर्षी त्याचा त्यावर पक्का विश्वास बसलेला असेल तर दोष कोणाचा?

आणि एक गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती. पहिला पालुक गेला कसा, ती. बारशालाच तागालिकने घरोघर जाऊन शब्द घेतला होता. "माझ्या लेकराला नाव पाहिजे, नावाची भीती नको. तोंड उघडाल तर माझ्याशी गाठ आहे." कोणाची बायको कोणावर रुसली हे दुपारपर्यंत गावच्या रेडिओवर ऐकू येतं असलं हे गाव, पण हा शब्द त्याने बेचाळीस वर्षं पाळला.

त्या वर्षी जानेवारीत विमान अकरा वेळा रद्द झालं. प्रदेशाच्या कचेरीतून दोन साहेब आले आणि म्हणाले, दोन गावांमधली हिवाळी वाट आम्ही सरकारी नकाशावर घेतो, वाटेत निवाऱ्याच्या झोपड्या बांधून देतो, कोणी अडकलं तर शोधपथक त्याच वाटेने येईल. फक्त वाट एकच हवी, आणि रेघ आज हवी. पालुकने टेबलावर उपग्रहाचा फोटो अंथरला आणि पट्टी ठेवून रेघ मारली. किनाऱ्याची जुनी वाट सोडून, भूशिरापासून सरळ दोन बेटांमधून पलीकडे. त्या बेटांना लोक कान म्हणतात, तशीच दिसतात ती. साठ किलोमीटर वाचत होते, म्हणजे तीन-चार तास. म्हाताऱ्यांचे सांधे वाचत होते, इंधन वाचत होतं. माणूस काही वाईट हेतूचा नव्हता. त्याला गावाचं भलं करायचं होतं आणि ते लवकर करायचं होतं.

"कोणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. त्यांचा एक डोळा घड्याळाकडे, कारण धावपट्टीवर विमान थांबलेलं.

कोणी बोललं नाही. कूगार्जुकमध्ये न बोलणं म्हणजे होकार नव्हे. न बोलणं म्हणजे, मला सांगायचं आहे, पण आधी तुमच्यातलं कोणीतरी तोंड उघडा. हे कळायला निदान एक हिवाळा काढावा लागतो. साहेबांकडे दोन तास होते. त्यांनी लिहिलं, एकमताने मंजूर.

"पोरी, तू काही बोलली नाहीस," पालुक हसत म्हणाला.

"बाबा, कानांमधनं पाणी फार जोरात वाहतं."

"वाहू दे की खालनं. वर चार फूट बर्फ आहे. हा फोटो बघ, पांढराफटक."

"वरनं पांढराच दिसणार. बर्फ खालनं खाल्ला जातो."

"मी स्वतः जाऊन बघणार आहे, मग तर झालं? मला बर्फ कळतो. तूच सांगतेस ना जगाला?"

सगळे मायेने हसले. ओलीपीकाने तोंड मिटलं. चारचौघांत बापाला खोटं पाडायचं नाही, आणि खरं कारण सांगायचं तर तोंडाला शब्दाचं कुलूप. घरी येऊन ती कानशीने पहारीचं पातं घासत बसली. घासून घासून त्याच्यात चेहरा दिसायला लागला, तरी थांबेना.

मार्चच्या सुरुवातीला पालुक खरोखरच कानांमधून दोनदा जाऊन आला, काठ्या रोवून आला. काही झालं नाही. ओलीपीकाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा बघितल्या. दोन्ही वेळा चंद्र अर्धा होता. अर्ध्या चंद्राला भरती निजलेली असते, तेव्हा तिथून कोणीही जाईल. लोक मात्र निघणार होते ईस्टरला, इकालुलिकच्या खेळांसाठी, बायकापोरं घेऊन. आणि ईस्टर कधी येतो? पौर्णिमेच्या मागोमाग. ज्या आठवड्यात उधाण सगळ्यांत मोठं, नेमका त्या आठवड्यात सगळा गाव त्या कानांमधून जाणार होता.

तिने रेडिओवर जाऊन चार वाक्यं सांगितली. "मी ओलीपीका बोलतेय. दर वर्षीसारखी मी किनाऱ्याची वाट आखणार आहे. खिंडीतल्या जुन्या झोपडीत चहापत्ती ठेवीन. संपलं."

"अगं, पण ती वाट आता सरकारी नाही," रेडिओवाली म्हणाली.

"मी तरी कुठे सरकारी आहे?"

बरोबर यायला तागालिक तयार झाली. तिला घरी करमत नव्हतं, आणि मुलाच्या विरुद्ध चालली आहे असं दिसू नये म्हणून ती जाताना म्हणाली, मी फक्त चहा करायला जातेय. सत्तरीची बाई, लाकडी घसरगाडीवर कातड्यांच्या ढिगात बसून दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. ओलीपीका पुढे उतरायची, तीन घाव घालायची, काठी रोवायची, परत बसायची. मध्येच पारा उणे बत्तीसवर गेला. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने पन्नास काठ्या आडव्या केल्या. ती मागे जाऊन पन्नासच्या पन्नास पुन्हा रोवून आली.

"डोकं फिरलंय तुझं," तागालिक म्हणाली. "या वाटेने येणार कोण? कोल्हे?"

"कोल्हे आले तर कोल्ह्यांना चहा दे."

"बापावर गेलीस अगदी."

"तुझ्या पोटचा तो."

"म्हणून का मी तुझी आजी? बघ हं, आजी म्हणायचं असेल तर आधी तो पाव दे इकडे."

दोघी हसल्या. झोपडीत स्टोव्ह पेटला, गोठलेल्या माशाचे काप काढले, आणि मग ओलीपीका म्हणाली, "तागालिक, मला शब्दातून मोकळं कर. मला त्याला सांगायचंय."

तागालिकच्या हातातला सुरा थांबला. "नाही."

"उधाणाला तो तिथून जाणार आहे."

"सांगितलंस म्हणजे त्या मरणाला वाट दाखवलीस. ज्याला माहीतच नाही त्याच्या मागे ते येत नाही. बेचाळीस वर्षं आलं का?"

"बेचाळीस वर्षं तो तिथे गेला नव्हता."

"नाही म्हटलं ना! शब्द दिलायस तू मला. माझं एकच पोर आहे."

"माझाही बाप एकच आहे," ओलीपीका म्हणाली.

परतीच्या वाटेवर तागालिक गप्प बसून राहिली, आणि ती गप्प बसली म्हणजे काय ते ओलीपीकाला ठाऊक होतं. म्हातारी घाबरली होती.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार. पौर्णिमा परवाच झालेली. उन्हाने बर्फ एवढा चकाकत होता की काळ्या चष्म्याशिवाय डोळे उघडवेनात. भूशिरापाशी अडतीस स्नोमोबाइल जमल्या, प्रत्येकीमागे लाकडी घसरगाडी, त्यावर पोरं, गाद्या, सीलचं मांस, कोणाची तरी हॉकीची काठी. डावीकडे किनाऱ्याची वाट, उजवीकडे पालुकच्या काठ्या सरळ कानांकडे. त्या उजव्या वाटेवर ओलीपीकाने आपली गाडी आडवी लावली होती, आणि ती पहार घेऊन उभी होती.

पालुक सगळ्यांच्या पुढे. त्याच्या मागे घसरगाडीवर त्याची सहा वर्षांची मुलगी, नाकापर्यंत गुंडाळलेली.

"पोरी, गाडी बाजूला घे."

"नाही घेणार."

मागची इंजिनं एकेक करून बंद झाली. तिने बापाला नाही म्हटलेलं गावाने आयुष्यात ऐकलं नव्हतं. पालुकने चष्मा कपाळावर सरकवला. तो रागावला नव्हता, गोंधळला होता.

"सगळ्यांसमोर काय चालवलंयस? मी दोनदा गेलोय तिथून."

"अर्ध्या चंद्राला गेलात. माझ्याबरोबर एकदा चला, पायी. लहानपणी तुम्ही मला न्यायचात तसं. तीन घावांत पाणी नाही लागलं तर मी स्वतः गाडी काढीन आणि तुमच्या मागून येईन."

तो आईकडे बघू लागला. तागालिक मागच्या एका घसरगाडीवर बसली होती, तिची नजर नातीवर. पोरीने एक हातमोजा काढून तो चघळायला घेतला होता. तागालिक उठली, तिने तो हातमोजा पोरीच्या हातात परत चढवला, आणि ओलीपीकाकडे न बघताच म्हणाली, "सांग त्याला. मी मोकळं केलं तुला."

दोघं निघाले. ओलीपीका पुढे, दर शंभर पावलांवर तीन घाव. खण्, खण्, खण्. कोरडं. पुन्हा खण्, खण्, खण्. कोरडं.

"बघ," पालुक म्हणाला. "उगाच सगळ्यांना थंडीत बसवलंस."

ती पुढे चालत राहिली. कान जवळ आले, एकाची सावली पावलांवर पडली. घावाचा आवाज थोडा बदलला, तिला कळला, त्याला कळला नाही. डाव्या बेटावरचा मोठा तांबडा खडक बरोबर खांद्याच्या रेषेत आला तशी ती थांबली.

"इथून पुढे मी येणार नाही."

"घाबरलीस?"

"नाही. तुम्हीच सांगितलंत, इथे थांब."

"मी? कधी?"

"मी सतरा वर्षांची होते तेव्हा. माझी दाढ सुजली होती, ताप चढला होता. नर्स इकालुलिकला. किनाऱ्याने दोन दिवस लागले असते, म्हणून तुम्ही कुत्री इकडे वळवलीत. तुम्हाला बर्फ कळत होता बाबा, खरंच कळत होता. पण माझं रडणं ऐकवत नव्हतं तुम्हाला. घाई झाली होती. इथे उतरलात, मला म्हणालात, कुत्र्यांपाशी थांब, मी पुढे बघतो, हाक मारली की ये. आणि गेलात. ते तिथे, दोन काठ्या दिसतात ना तुमच्या, त्यांच्या मध्ये. आवाजसुद्धा झाला नाही. नुसते दिसेनासे झालात."

पालुक त्या दोन काठ्यांकडे बघत राहिला.

"मी रात्रभर थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक आले, मला ओढून घेऊन गेले. मी येत नव्हते. तुम्ही हाक मारणार होतात ना." ती थांबली नाही. "आणि मग तुम्ही आलात, एवढेसे, आणि मी आनंदाने वेडी झाले. तुम्हाला बर्फ कळतो असं सांगत सुटले. बाबा, तुम्हाला बर्फ कळत नाही. तुम्हाला कोणी शिकवलाच नाही. चूक माझी आहे. नाव आलं, हात तर नवेच होते. मी शिकवायला पाहिजे होतं, मी नुसती कौतुकं केली. आता मला मारा, रागवा, काय करायचं ते करा, पण मी तुम्हाला तिथे दुसऱ्यांदा जाऊ देणार नाही."

मग पालुकने हात पुढे केला.

"पहार दे."

ओलीपीकाने दिली. आधी मात्र कमरेचा दोर सोडला, त्याच्या कमरेभोवती बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून बर्फात टाचा रोवल्या.

तो पावलं मोजत गेला. दहा, बारा, पंधरा. वर सगळं सारखंच, पांढरं, चकचकीत. त्याने पहार उचलली आणि एक घाव घातला.

पातं थेट दांड्यापर्यंत आत गेलं. भोकातून काळं पाणी बुडबुडत वर आलं आणि त्याच्या बुटांभोवती पसरलं. पाणी नुसतं साचत नव्हतं, पळत होतं, खालच्या खाली, एका बाजूला. त्याच्या रोवलेल्या दोन काठ्यांमधली एक हळूच कलली.

ओलीपीकाने दोर ताणला. तो आल्या पावली मागे आला, आपल्याच पाऊलखुणांत पाय ठेवत. तिच्याजवळ पोचला, दोर सोडला, आणि तसाच पुढे चालत राहिला, भूशिराकडे, जिथे अडतीस गाड्या आणि त्याची मुलगी होती. दुरून त्याने हात उंच करून डावीकडे दाखवलं. किनाऱ्याची वाट. एकेक इंजिन सुरू झालं. पहिली गाडी ओलीपीकाच्या पहिल्या काठीकडे वळली.

ओलीपीका मात्र तिथेच उभी. निघायला हवं हे तिला कळत होतं, पण पाय उचलत नव्हते. तांबडा खडक खांद्याच्या रेषेत, समोर दोन कान, मध्ये ते काळं भोक.

पालुक अर्ध्या वाटेत वळला. ती मागे नाही हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडला.

"पोरी! ये! हाक मारतोय मी, ये!"

ती निघाली. म्हातारे गुडघे, पण ती जवळजवळ पळत गेली. त्याच्यापाशी पोचल्यावर त्याने तिचं नाक आपल्या हातमोज्याने पुसलं, आणि दोघं गाड्यांकडे चालू लागले. पहार त्याच्या हातात होती. तिने ती परत मागितली नाही.